एकाच रस्त्याची दोन नावं

इंग्लंडातल्या हल शहरात पहिली दोन वर्षं मी रोज ज्या रस्त्यानं कामावर गेले, त्याचं नाव क्लाइव्ह सलिव्हन वे. हा क्लाइव्ह सलिव्हन कोण, हे कुणाला विचारावं असं मला एकदाही वाटलं नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाचं हे असंच होतं. आमच्याकडे चौक, उद्यान, भुयारी मार्ग, बसथांबा, कशालाही कुणाचं तरी नाव असतं आणि ते बहुधा माजी नगरसेवकाच्या वडिलांचं असतं. हेही इथले कुणी माजी महापौर असणार, असं धरून मी गाडी हाकत होते. मागे हंबरचा तो अजस्र झुलता पूल, उजवीकडे खाडीचं चहासारखं मातकट पाणी, आणि फोनमधली बाई रोज सकाळी त्याच निर्विकार आवाजात सांगणार, क्लाइव्ह सलिव्हन वेवर सरळ जात राहा.

मी फिजिओथेरपिस्ट. दुसऱ्यांचे गुडघे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. शहराच्या पश्चिमेला, हेसलमध्ये आम्ही घर घेतलं तेव्हा शेजारी सत्तरीतलं एक जोडपं राहत होतं. इथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ काही वळेना. घरात आम्ही त्यांना आजोबा-आजीच म्हणतो. तोंडावर मी काहीच म्हणत नाही, नुसतं हसून बोलायला लागते. ते मला 'लव' म्हणतात. इथे बसचा ड्रायव्हरही 'लव' म्हणतो, त्यामुळे त्यात हुरळून जाण्यासारखं काही नाही.

पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून आजोबांनी विचारलं, "एफसी का रोव्हर्स?"

आता एफसी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर फर्ग्युसन रस्ताच येतो. मी म्हटलं, "एफसी! अकरावी-बारावी तिथेच काढली मी." त्यांनी पहिला शब्द तेवढा ऐकला, पुढचं सोडून दिलं. मागे वळून आत ओरडले, "ऐकलंस का? ही आपल्यातली निघाली!" आतून आजींचा आवाज आला, "बिचारी."

हलमध्ये रग्बी लीगचे दोन क्लब आहेत आणि मधून एक नदी जाते. तिचंही नाव हलच. नदीच्या पश्चिमेला हल एफसी, काळा-पांढरा शर्ट, हेसल रोडवरच्या मासेमारीवर जगणाऱ्या घरांचा क्लब. पूर्वेला हल किंग्स्टन रोव्हर्स, लाल-पांढरा शर्ट, गोदी कामगारांचा क्लब. आजोबा पश्चिमेचे. आजींचं माहेर पूर्वेचं. इथे अशा जोडप्याला मिश्र विवाह म्हणतात, आणि म्हणताना कुणी फार हसत नाही.

आईला फोनवर हा खेळ समजावताना माझी तारांबळ उडाली होती. शेवटी म्हटलं, "अगं, कबड्डीच समज, पण चेंडू घेऊन. तेराजण. चेंडू घेऊन घुसायचं, समोरचे धरून लोळवतात, की उठून पुन्हा घुसायचं. सहा वेळा लोळवलं की चेंडू त्यांचा. त्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय." आई म्हणाली, "मग यात कबड्डी कुठे आली?" बरोबरच होतं तिचं. पण सातवीत शाळेच्या संघात मी कोपरा रक्षक होते, आणि कुणाच्या मांड्यांना खांदा देऊन त्याला जमिनीवर आणताना पोटात जे होतं ते मला आठवतं. टीव्हीवर पहिला सामना पाहिला तेव्हा तेच झालं. ही खाणकामगार आणि गिरणी कामगारांची रग्बी. शनिवारी खेळायला गेलं की मजुरी बुडते, ती भरून द्या, एवढीच मागणी होती. साहेबलोकांनी ती मान्य केली नाही, तेव्हा १८९५ साली हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी आपली वेगळी चूल मांडली. आपल्याकडे लोकांना माहीत असते ती पंधराजणांची, साहेबांची.

आजोबांच्या फ्रिजवर चुंबकानं लावलेला एक लिफाफा होता. वीजबिलाचा, पाठीमागची बाजू कोरी असलेला. त्यावर पेन्सिलीनं एक ते तेरा आकडे आणि आकड्यांपुढे नावं. त्यांचा लाडका संघ. खोडून खोडून कागद इतका पातळ झाला होता की सातव्या आकड्यापाशी आरपार दिसायचं. तिथे बहुतेक वेळा पीटर स्टर्लिंग असे, तो ऑस्ट्रेलियन. १९८५च्या चॅलेंज कपच्या, म्हणजे रग्बी लीगच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात तो एफसीकडून खेळला आणि २८-२४ असा हरला. हरलेला सामना आजोबा जितका रंगवून सांगतात तितका मी जिंकलेला सामना सांगतानाही कुणाला ऐकलं नाही. नऊला डॅनी हॉटन, कारण २०१६. एफसी लंडनच्या वेम्बली मैदानावर कधीच जिंकत नाही असं गाणं नदीपलीकडचे लोक वर्षानुवर्षं म्हणत आले होते, आणि ते खरंच होतं. त्या वर्षी १२-१० अशी आघाडी, दोनेक मिनिटं उरलेली, वॉरिंग्टनचा गडी रेषेवर झेपावलेला, आणि हॉटननं त्याच्या हातातला चेंडू उडवला. मी त्यांच्याच दिवाणखान्यात होते. आजोबा ओरडले नाहीत, उठले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. आजींनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि मला म्हणाल्या, "आता हे मरेपर्यंत ऐकायचं."

तेराव्या जागेवर जॉनी व्हाइटली. ते नाव कधी खोडलेलं मी पाहिलं नाही.

आता मला कुणी विचारेल, की हे त्या क्लबचे सर्वांत भारी तेरा खेळाडू का? मुळीच नाही. आजोबांनाही ते ठाऊक आहे. माझ्या बाबांचं असंच होतं. घरात गावसकरची पूजा चाललेली असताना बाबांचा जीव एकनाथ सोलकरवर. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा पोरगा, फलंदाजाच्या पुढ्यात हेल्मेट न घालता वाकून उभा राहायचा, २७ कसोटींत ५३ झेल. "धावा काय, कुणीही काढतो," असं एक अत्यंत चुकीचं वाक्य बाबा ठामपणे म्हणायचे. लाडका खेळाडू निवडताना माणूस आकडे बघत नाही. आकडे नंतर शोधतो, भांडायला.

तर या लिफाफ्यावर विंगच्या जागी नाव होतं 'क्लाइव्ह'. आडनाव नाही. बाकी सगळ्यांची आडनावं, याचं एकट्याचं पहिलं नाव. मी विचारलं, "हा कोण?" आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू शनिवारवाडा कुठे आहे ते पुण्यात उभं राहून विचारलं होतं. "रोज त्याच्यावरून गाडी घेऊन जातेस की!"

मग पुढचे सहा महिने तुकड्यातुकड्यानं क्लाइव्ह ऐकला. आजोबा तेव्हा बॉबर होते. बॉबर म्हणजे मध्यरात्रीनंतर धक्क्यावर लागलेल्या ट्रॉलरमधून मासे उतरवणारा माणूस. पायात लाकडी तळव्याचे बूट, थंडीत बोटं वाकायची नाहीत. रात्र उतरवण्यात जायची आणि शनिवारी दुपारी झोप न घेता बुलेवार्डच्या मैदानावर, थ्रीपेनी स्टँडमध्ये. तिथे उभं राहायचं, बसायची सोय नाही. विंगवरच्या गड्याचं काम तसं बघायला गेलं तर वाट पाहण्याचं. दहा-दहा मिनिटं चेंडू येतच नाही. मैदानाच्या कडेला हात चोळत उभा. "पण त्याच्या बाजूला चेंडू सरकायला लागला, की आमची अख्खी रांग एका बाजूला कलायची," आजोबा सांगतात आणि सांगताना स्वतः खुर्चीत उजवीकडे कलतात. "माझ्या थर्मासातला चहा पुढच्याच्या मानेवर जायचा. तो मागे वळायचा नाही. वळला तर ट्राय चुकेल."

माझ्या कामाच्या अंगानं मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. क्लाइव्ह कार्डिफचा, १९४३चा जन्म. लहानपणी स्नायूंच्या दुखण्यामुळे पायांवर, हातांवर शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झालेल्या. हा धड चालेल का अशी शंका होती. पुढे सैन्यात गेला, तिथे रेजिमेंटच्या सामन्यात खेळायला लावलं आणि अंगात काय आहे ते त्याचं त्यालाच कळलं. १९६१मध्ये एफसीनं त्याला चाचणीसाठी उतरवलं तेव्हा खरं नाव छापलंच नाही, 'मिस्टर एक्स' म्हणून खेळवला. त्या दिवशी तीन ट्राय. लगेच करार. एफसीसाठी एकूण २५० ट्राय, त्यांतल्या सात एकाच सामन्यात, डॉनकॅस्टरविरुद्ध, १९६८ साली. माझ्याकडे अशी पोरं येतात, पायात पट्ट्या घातलेली, आणि त्यांच्या आया मला दारात गाठून हळूच विचारतात, "पळेल ना हो?" मी त्यांना क्लाइव्हबद्दल सांगत नाही. खोटी आशा लावू नये हे आमच्या धंद्यातलं पहिलं पथ्य. पण रोज सकाळी त्या रस्त्याला लागताना आठवण होते हे खरं.

आणि एक गोष्ट मला सहा महिन्यांत आजोबांनी सांगितलीच नव्हती. एका दुपारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी जुने सामन्यांचे कार्यक्रमपत्रक काढले आणि एकावर बोट ठेवून म्हणाले, "हा बघ." काळ्या-पांढऱ्या फोटोत चेंडू काखेत धरून हसणारा एक काळा तरुण. मी फोटोकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. त्याची मान, त्याचा खांदा खाली टाकून दिशा बदलणं, बचावाला धावून येताना तो समोरच्याला कसा गाठायचा, इतकं सगळं सांगितलं, आणि हे नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "त्यात काय सांगायचं? तो क्लाइव्ह होता." आजी बटाटे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या मैदानांवर काय काय ओरडायचे लोक, ते मी या स्वयंपाकघरात बोलणार नाही. आणि सगळे दुसऱ्याच मैदानांवर होते असंही नाही." आजोबा गप्प झाले. मला वाटतं दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते.

या सलिव्हननं १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या संघाचं नेतृत्व करून विश्वचषक आणला. कुठल्याही खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला काळा कर्णधार. अंतिम सामना फ्रान्समध्ये लियाँला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, बघायला जेमतेम चार हजार माणसं. १०-१० अशी बरोबरी झाली आणि आधीच्या सामन्यांच्या गुणांवर ब्रिटन जिंकलं. त्या दहांतला एक ट्राय क्लाइव्हचा, जवळजवळ अख्खं मैदान एकट्यानं पळत काढलेला. चार हजार माणसांनी तो पाहिला, आणि आज हलमध्ये तो पाहिलेली निदान पन्नास हजार माणसं भेटतील.

मग १९७४ मध्ये क्लाइव्ह नदी ओलांडून रोव्हर्सकडे गेला.

इथे मी अडले. कारण याच फ्रिजसमोर मी एक दुसरं नदी ओलांडणं ऐकलेलं आहे. पॉल कुक, हलचाच मुलगा, २००५ च्या चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात अगदी शेवटी ट्राय काढून एफसीला २५-२४ असा कप देणारा. दोन वर्षांनी, हंगाम चालू असताना, तोही नदीपलीकडे गेला. लिफाफ्यावर सहाव्या आकड्यापुढे कधी काळी त्याचं नाव असावं. तिथे खोडरबर इतक्या रागानं फिरलाय की कागदाला भोवरा पडलाय. आजोबांसमोर ते नाव काढायचं नाही. मग क्लाइव्हला माफी कशी?

आजोबा म्हणाले, "तो परत आला." हे खरंच आहे. १९८२च्या कपचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, लीड्सला पुन्हा खेळवला. एफसीचा विंगवरचा गडी जायबंदी, आणि प्रशिक्षकांच्या ताफ्यात असलेल्या एकोणचाळिशीच्या क्लाइव्हला शर्ट चढवून मैदानात उतरवलं. विडनसला १८-९ हरवलं. आजोबांच्या मते तेवढ्यावर सगळं फिटलं.

आजी म्हणाल्या, "काही नाही. तो लवकर गेला म्हणून." १९८५ च्या ऑक्टोबरात, कर्करोगानं, बेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर लगेचच पश्चिमेकडून शहरात येणाऱ्या या रस्त्याला त्याचं नाव दिलं. "आणि आमच्याकडे येऊनही त्यानं ११८ ट्राय काढले, तेही लिही तुझ्या त्या कागदावर," हे आजोबांना.

मला स्वतःला यातलं कुठलंच पुरतं पटत नाही. मला वाटतं त्यात आजोबांच्या धक्क्याचाही भाग आहे. १९७५ मध्ये सेंट अँड्र्यूज डॉक बंद झाला. आइसलंडच्या पाण्यात जाणं संपत आलं, ट्रॉलर भंगारात निघायला लागले, आणि तिशीतले आजोबा लाकडी बूट खुंटीला टांगून एका गोदामात पाळीवर लागले. एफसीही तेव्हा दुसऱ्या श्रेणीच्या आसपास गटांगळ्या खात होता. ज्या माणसाला स्वतःलाच पोटासाठी जागा सोडावी लागली, तो दुसऱ्याला काय बोल लावणार? हे मी आजोबांना बोलून दाखवलेलं नाही. ते म्हणतील, "लव, तू फार विचार करतेस. पॅटी खा."

पॅटीबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. कुस्करलेला बटाटा, त्यात सेज नावाचा पाला, पिठात बुडवून तळायचा आणि ब्रेडकेकमध्ये घालून खायचा. वर चिप स्पाइस म्हणून लाल तिखटमीठ. म्हणजे काय झालं ते कर्जत-कल्याणच्या माणसाला सांगायला नको. इंग्लंडात इतर कुठे हे मागितलं तर लोक तोंडाकडे बघतात. माझी या गावाशी पहिली नाळ जुळली ती रग्बीमुळे नाही, या गरिबाच्या वडापावमुळे. मिरची मात्र घरून न्यावी लागते.

सहाव्या आकड्यापुढे आता डेव्हिड टॉपलिस आहे. १९८२ चा तो एफसीचा कर्णधार, त्या पुन्हा खेळवलेल्या सामन्यात दोन ट्राय काढणारा. सहा म्हणजे स्टँड-ऑफ, संघाचा मेंदू. आणि त्या घरातलं पन्नास वर्षांचं भांडण याच आकड्यावर आहे. आजींच्या लेखी जगात सहा नंबरचा शर्ट एकाच माणसासाठी शिवला गेला: रॉजर मिलवर्ड. कॅसलफर्डचा, जेमतेम सव्वापाच फुटांचा. १९६६ मध्ये रोव्हर्सनं सहा हजार पौंडांना घेतला. १९७० मध्ये सिडनीच्या दुसऱ्या कसोटीत एकट्यानं वीस गुण काढले आणि ब्रिटननं ती मालिका जिंकली. रग्बीतल्याही या मालिकेला अ‍ॅशेसच म्हणतात, आणि ब्रिटननं ती नंतर आजतागायत जिंकलेली नाही. "आणि त्या संघाचा प्रशिक्षक कोण होता?" आजोबा लगेच. "जॉनी व्हाइटली! आमचा!" "आणि जॉनी नंतर प्रशिक्षक म्हणून कुणाकडे आला?" आजी. "आमच्याकडे!" हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की मध्येच कुणी थांबलं तर पुढचं वाक्य मी देऊ शकेन.

१९८०ला वेम्बलीवर एफसी विरुद्ध रोव्हर्स असा अंतिम सामना झाला. शहर ओस पडलं. बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी पाटी लावली होती: शेवटी निघणाऱ्यानं दिवे मालवावेत. रोव्हर्स १०-५ जिंकले. या सामन्याबद्दल आजोबा कधीच बोलत नाहीत. हरले म्हणून, अशी माझी समजूत होती.

२०२५ मध्ये आजींचे दिवस आले. रोव्हर्सनं पंचेचाळीस वर्षांनी कप आणला, तोही वेम्बलीवर शेवटच्या क्षणी ८-६ असा, मग लीगमध्ये पहिला नंबर, मग ऑक्टोबरात विगनला हरवून ग्रँड फायनल. तिन्ही. आजींनी काहीही बोलून दाखवलं नाही. फक्त लाल-पांढरा मफलर खुंटीवर आजोबांच्या कोटावरून टांगला, म्हणजे कोट घ्यायचा तर आधी तो हातात घ्यावा लागेल.

नोव्हेंबरात आजोबांना पूर्वेला नातवाच्या घरी सोडायचं होतं. मी घेऊन निघाले. क्लाइव्ह सलिव्हन वे संपला, कॅसल स्ट्रीट आला, तिथे नेहमीची कोंडी. आम्ही इंच इंच सरकत नदीवरच्या पुलापर्यंत आलो. पूल ओलांडला की हाच रस्ता पुढे जातो पण नाव बदलतं. २०१८ पासून ते रॉजर मिलवर्ड वे आहे. मिलवर्ड २०१६ मध्ये गेला. पश्चिमेकडून येताना एफसीचा क्लाइव्ह, पूल ओलांडला की रोव्हर्सचा रॉजर. मी ते गमतीनं बोलून दाखवलं.

आजोबा काचेतून बाहेर बघत होते. पाटी मागे गेल्यावर म्हणाले, "मी तिथे होतो. वेम्बलीला."

मी काही बोलले नाही.

"सामना नुकता सुरू झालेला. रॉजरनं चेंडू टाकून दिला होता हातातून. नंतर आमच्या गड्यानं त्याला घातलं. जबड्यावर. तो पडला." थोडं थांबून, "आणि मी उडी मारली. आनंदानं. अशी." त्यांनी सीटबेल्टच्या आत दोन्ही मुठी इंचभर वर उचलल्या. "शेजारचे सगळेच उड्या मारत होते. मग तो उठला, आणि मोडलेल्या जबड्यानं शेवटपर्यंत खेळला, आणि कप घेऊन गेला. तिला कधी सांगितलं नाही मी. उडीचं."

मागून कुणीतरी हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या गुडघ्याचे व्यायाम घ्यायला गेले तेव्हा फ्रिजसमोर उभी राहिले. सहाव्या आकड्यापुढे टॉपलिस जागेवरच होता. पण लिफाफ्याच्या अगदी तळाशी, जिथे आजवर काहीच नव्हतं, चौदा आकडा घालून बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं: आर. एम., राखीव.

आजी माझ्यामागून येऊन उभ्या राहिल्या, चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं.

"राखीव?" त्या म्हणाल्या. "रॉजरला बाकावर बसवलास?"

त्या दिवशी आजोबांना पॅटी मिळाली नाही.